वाचक विचारतात : दोन इतिहास आणि इंग्रजांचं दप्तर

मागच्या अंकात ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनवर (१९१७ ते १९४८) लेख आला आणि पत्रांचा ढीग लागला. निम्म्या पत्रांचा सूर ‘तुम्ही ज्यूंची बाजू घेतलीत’ असा, उरलेल्यांचा ‘अरबांची घेतलीत’ असा. ते चालायचंच. ज्या पत्रांत मुद्द्याचा प्रश्न होता ती इथे घेतली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दोन्ही बाजू पुरावा म्हणून जे आकडे, नकाशे आणि कायदे पुढे करतात, त्यांतले बरेचसे तिसऱ्याच्या, म्हणजे इंग्रज सरकारच्या दप्तरातले आहेत. ती नोंद कुणी, कधी आणि कशासाठी केली हे पाहिल्याशिवाय आकडा उचलायचा नाही, एवढं पथ्य आम्ही उत्तरं देताना पाळलं आहे.

“व्हॉट्सॲपवर दोन फॉरवर्ड फिरतात. एक म्हणतो, ज्यूंनी जमीन रोख पैसे मोजून घेतली, बळकावली नाही. दुसऱ्यात चार नकाशांची पट्टी आहे. त्यात हिरवा, म्हणजे पॅलेस्टिनींच्या जमिनीचा, रंग आक्रसत जातो. खरं कोणतं?” (शिक्षिका, नाशिक)

दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्हींत थोडी हातचलाखीही आहे. आधी खरेदीचं बघू.

तिथे जमीन दुनममध्ये मोजतात. १९२८पासूनचा दुनम १,००० चौरस मीटरचा, म्हणजे आपले जवळजवळ १० गुंठे. एका एकरात साधारण चार दुनम. त्याआधीचा तुर्की दुनम ९१९ चौरस मीटरच्या आसपास होता. जुन्या आणि नव्या नोंदी सरसकट मिसळल्या की इथेच आठ टक्क्यांचा घोळ होतो.

१९४८पूर्वी ज्यू संस्थांनी आणि व्यक्तींनी जी जमीन मिळवली ती मुख्यतः विकत घेऊनच, हे खरं. पण विकणारा कोण होता? १८५८च्या ऑटोमन, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या, जमीन कायद्याने शेतजमीन कुणाच्या तरी नावावर चढवणं भाग पडलं. सरकारी वहीत नाव आलं की मागोमाग कर आणि सैन्यभरती येणार, या धास्तीने पुष्कळ शेतकऱ्यांनी आपली जमीन गावच्या मुखियाच्या, सावकाराच्या किंवा शहरातल्या व्यापाऱ्याच्या नावावर लागू दिली. काही ठिकाणी तर सरकारनेच मोठाले पट्टे श्रीमंतांना विकले. बैरुतच्या सुरसूक घराण्याकडे मर्ज इब्न आमिर, म्हणजे ज्याला ज्यू यिज्रेलचं खोरं म्हणतात, तिथली गावंच्या गावं आली ती अशीच. १९२१ ते १९२५च्या दरम्यान या घराण्याने त्यांतली बरीच ज्यू संस्थांना विकली. सौदे जुळवणारा मुख्य माणूस होता येहोशुआ हँकिन.

कोकणातल्या खोती गावातलं कूळ डोळ्यांसमोर आणा : कसणारा एक, कागदावर दुसराच. फरक एवढाच, की आतापर्यंत मालक बदलला तरी कूळ जागच्या जागी राहायचं. खंड बैरुतला पाठवण्याऐवजी हैफाला पाठवायचा, बस्स. या खरेदीत मात्र जमीन मोकळी करून देण्याची अट असे. शिवाय १९०१मध्ये स्थापन झालेला ज्यू राष्ट्रीय निधी एकदा घेतलेली जमीन पुन्हा विकत नसे. ती तो दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देई, आणि पट्ट्यात शेतावर ज्यू मजूरच लावण्याची अट घाली. म्हणजे कुळाचा कसण्याचा हक्क गेला आणि त्याच शेतावर रोजंदारी करण्याची वाटही बंद झाली. १८८०च्या दशकातल्या जुन्या ज्यू वसाहतींत अरब मजूर सर्रास असत. तिथेही कुरबुरी झाल्या, पण या पातळीच्या नाहीत. सर जॉन होप सिम्पसन यांनी १९३०च्या सरकारी अहवालात नेमकं यावरच बोट ठेवलं.

कायदा नव्हता का? होता. १९२०च्या वटहुकमात कुळाकडे पोटापुरती जमीन राहिली पाहिजे असं होतं. पळवाट सोपी निघाली : खरेदीखताआधीच कुळाच्या हातावर रोख टेकवायची आणि ‘स्वखुशीने’ जमीन सोडली असं दाखवायचं. कर्जात बुडालेला माणूस रोख घेतो, आणि पैसा वर्ष-दोन वर्षांत संपतो. १९२९ आणि १९३३मध्ये कुळांच्या संरक्षणाचे आणखी कायदे आले, तोवर मोक्याची सपाट जमीन हातची गेली होती.

पॅलेस्टिनी बाजूने ज्यावर कमी बोललं जातं तेही सांगायला हवं. विकणारे सगळे बैरुत-दमास्कसचे नव्हते. यरुशलेम, याफा आणि नाब्लुसमधल्या प्रतिष्ठित घराण्यांनीही जमिनी विकल्या. जाहीर सभेत विक्रीविरुद्ध गर्जना करणारे आणि मागच्या दाराने सही करणारे यांत काही नावं एकच होती, आणि तेव्हाच्या अरबी वर्तमानपत्रांनी यावर सडकून लिहिलं आहे.

‘विरोध नंतर उकरून काढला’ असं ज्यांना वाटतं त्यांनी १९१० साल पाहावं. इंग्रज यायला अजून सात वर्षं होती. नाझरेथचा ऑटोमन अधिकारी शुक्री अल्-असली याने अल्-फूला गावाच्या विक्रीच्या कागदांवर सही करायला साफ नकार दिला आणि वर्तमानपत्रांतून मोहीम उघडली. विक्री वरच्या पातळीवरून झालीच.

आता आकडा. देशाचं एकूण क्षेत्र २ कोटी ६३ लाख दुनम. १९४७च्या सुमारास ज्यूंच्या मालकीची जमीन त्यातली सात टक्क्यांच्या आतबाहेर होती. यावरून एक बाजू ‘म्हणजे ९३ टक्के अरबांची’ असा निष्कर्ष काढते, तर दुसरी ‘म्हणजे बाकीची बहुतेक सरकारी, कुणाचीच नाही’ असा. दोन्ही चूक. जवळजवळ निम्मं क्षेत्र बीरशेबा उपजिल्ह्याचं, म्हणजे नेगेवच्या वाळवंटाचं होतं, आणि त्याची गटवार मोजणी पुरी झालीच नव्हती. बदाऊन टोळ्या तिथे पेरणी करत, गुरं चारत, पण नावावर नोंद क्वचित. बाकीची पुष्कळशी शेतजमीन ‘मिरी’ प्रकारची. मिरी जमिनीची अंतिम मालकी राज्याकडे. कसण्याचा, वारसाहक्काचा आणि विक्रीचा हक्क शेतकऱ्याकडे. ‘सरकारी जमीन होती हो’ असं कुणी म्हणालं की मिरी जमीन कुठल्या रकान्यात टाकली आहे ते आधी विचारा. सगळी गोम तिथेच असते.

चार नकाशांच्या पट्टीतही रकान्यांचाच घोळ आहे. पहिल्या चित्रात खासगी मालकी रंगवली आहे (तीही फक्त ज्यूंची; उरलेलं सगळं, वाळवंटासकट, हिरवं). दुसऱ्यात संयुक्त राष्ट्रांचा १९४७चा फाळणीचा प्रस्ताव, जो प्रत्यक्षात आलाच नाही. तिसऱ्यात १९४९च्या शस्त्रसंधीच्या रेषा. त्यातला हिरवा भाग तेव्हा जॉर्डन आणि इजिप्तच्या ताब्यात होता. चौथ्यात आजचा प्रत्यक्ष ताबा. मालकी, प्रस्ताव, युद्धरेषा आणि ताबा या चार वेगळ्या गोष्टी एका रंगात रंगवल्या आहेत. पॅलेस्टिनींच्या हातून जमीन गेली हे खोटं ठरत नाही, पण ते शिकवायला हा नकाशा वर्गात लावू नका. एखादा हुशार विद्यार्थी पहिल्याच चित्रावर तुम्हाला अडवेल, आणि मग खरी गोष्टही त्याला पटवता येणार नाही.

“माझ्या आजोबांनी दुसऱ्या महायुद्धातून आणलेलं एक भोकाचं नाणं घरात आहे. त्यावर ‘पॅलेस्टाइन’ असं लिहिलं आहे. मग तो देश नव्हताच असं म्हणतात ते कसं?” (वाचक, सातारा)

नाणं भिंगाखाली धरा. मधे भोक असेल तर ते ५, १० किंवा २० मिल्सचं. १,००० मिल्सचा एक पॅलेस्टाइन पौंड. हे चलन १९२७मध्ये सुरू झालं, त्याआधी तिथे इजिप्तचा पैसा चालत असे. नाण्याचा रंग तांबूस असेल तर साल १९४२ ते १९४४मधलं निघेल, कारण युद्धात निकेलची टंचाई झाल्याने ही नाणी काही वर्षं ब्राँझमध्ये पाडली.

नाव तीन लिपींत आहे : इंग्रजी, अरबी, हिब्रू. हिब्रू नावापुढे कंसात दोन छोटी अक्षरं दिसतील, आलेफ आणि योद. ‘एरेत्झ इस्रायल’, म्हणजे इस्रायलची भूमी, याची ती आद्याक्षरं. ज्यू प्रतिनिधींना पूर्ण नाव हवं होतं, अरब प्रतिनिधींना ते अजिबात नको होतं. सरकारने दोन अक्षरांत तोड काढली. टपाल तिकिटांवरही तेच. अरब नेते यावरून कोर्टापर्यंत गेले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या नाण्यातच आहे. पॅलेस्टाइन नावाचं सरकार, चलन, पासपोर्ट आणि १९२५च्या आदेशाने नागरिकत्व, सगळं होतं. पण सार्वभौम देश नव्हता, इंग्रजांचा अंमल होता. त्या नागरिकत्वात अरब आणि ज्यू दोघंही येत. त्यामुळे एखाद्या ज्यू माणसाचा ‘पॅलेस्टिनी’ पासपोर्ट दाखवून अरब पॅलेस्टिनी नव्हतेच म्हणणं जितकं पोकळ, तितकंच हे नाणं दाखवून स्वतंत्र राष्ट्र होतं म्हणणंही. १९२५च्या आदेशाचा एक चटका मात्र अरबांनाच बसला. बेथलेहेम परिसरातून दक्षिण आणि मध्य अमेरिकेत पोटासाठी गेलेल्या हजारो लोकांना नागरिकत्वासाठी अर्ज करणं दुरापास्त झालं, आणि ते जन्मगावाला परके झाले.

नाणं ब्रासोने घासू नका. किंमत उतरते.

“इंग्रजांनी एकच जमीन तिघांना कबूल केली असं आम्ही शिकलो. नेमकं काय कबूल केलं होतं?” (एमपीएससीचा विद्यार्थी, पुणे)

तीन कागद आहेत. पहिला मक्केच्या शरीफ हुसेनशी इजिप्तमधले ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमहोन यांनी केलेला पत्रव्यवहार, जुलै १९१५ ते मार्च १९१६. कळीचं पत्र २४ ऑक्टोबर १९१५चं. त्यात अरब स्वातंत्र्याला पाठिंबा देताना दमास्कस, होम्स, हमा आणि अलेप्पो या जिल्ह्यांच्या पश्चिमेकडचा सीरियाचा भाग वगळला आहे. पॅलेस्टाइन त्या चार शहरांच्या पश्चिमेला नाही, दक्षिणेला आहे. इंग्रज नंतर म्हणत राहिले की आम्हाला तेही वगळायचं होतं. हा पत्रव्यवहार त्यांनी अधिकृतपणे छापला तो थेट १९३९मध्ये.

दुसरा मे १९१६चा साइक्स-पिको करार. फ्रान्सबरोबरच्या या गुप्त वाटणीत पॅलेस्टाइनचा बराचसा भाग आंतरराष्ट्रीय कारभाराखाली ठेवायचा होता. तिसरा २ नोव्हेंबर १९१७चा बाल्फोर जाहीरनामा. इंग्रजीत मुख्य मजकूर ६७ शब्दांचा. त्यात ज्यू लोकांसाठी ‘राष्ट्रीय घर’ आहे, आणि तिथल्या ‘बिगर-ज्यू समाजां’चे नागरी व धार्मिक हक्क जपण्याची हमी आहे. राजकीय हक्कांचा उल्लेख नाही. लोकसंख्येच्या नऊदशांशांना ‘बिगर-अमुक’ म्हणून मोजणारा हा मसुदा अनेकदा खाडाखोड करून काढलेला आहे, घाईत लिहिलेला नव्हे. पुढे १९२२मध्ये राष्ट्रसंघाच्या मँडेटमध्ये, म्हणजे इंग्रजांना कारभार सोपवणाऱ्या अधिकारपत्रात, तो जवळजवळ जसाच्या तसा उतरला, म्हणून त्याचं वजन बाकी दोन कागदांपेक्षा वाढलं.

परीक्षेसाठी एक लक्षात ठेवा : ब्रिटिश मंत्र्यांत या जाहीरनाम्याला सर्वांत कडाडून विरोध केला तो एडविन माँटेग्यू यांनी. ते स्वतः ज्यू होते आणि त्या वेळी भारतमंत्री होते. माँट-फर्ड सुधारणांमधले तेच हे.

“ज्यू बाहेरून आले म्हणतात, पण अरबही तिथे कामधंद्यासाठी बाहेरूनच आले असं वाचलं. जनगणना काय सांगते?” (निवृत्त बँक अधिकारी, ठाणे)

इंग्रजांनी दोनच जनगणना केल्या. १९२२ची एकूण संख्या ७,५७,१८२, त्यात ज्यू ८३,७९४, म्हणजे ११ टक्के. १९३१मध्ये एकूण १० लाख ३५ हजारांवर, त्यात ज्यू १,७४,६१०, म्हणजे १७ टक्के. त्यानंतरचे सगळे आकडे अंदाज आहेत. १९४६अखेरचा अंदाज ज्यूंसाठी ६ लाख ८ हजार, साधारण एकतृतीयांश.

१९३१च्या जनगणनेत जन्मस्थान विचारलं होतं. मुसलमान जवळजवळ सगळे तिथेच जन्मलेले, ज्यूंपैकी निम्म्याहून अधिक बाहेर जन्मलेले. सीरियातल्या हौरानमधून हंगामी मजूर येत, काही राहतही, पण अरब लोकसंख्येची वाढ प्रामुख्याने जन्म-मृत्यूच्या फरकातून झाली हे आकड्यांवरून दिसतं. ‘अरबही बाहेरचेच’ हा दावा टिकत नाही.

उलट बाजूने ‘१९१७मध्ये ज्यू नगण्य होते’ असं म्हणताना पहिल्या महायुद्धाकडे काणाडोळा होतो. १९१५ची टोळधाड, उपासमार, रोगराई आणि तुर्कांनी १९१७मध्ये याफा-तेल अवीव रिकामं करवणं, यांत ज्यूंची संख्या खूप घटली. शिवाय ऑटोमन नोंदी फक्त आपल्या प्रजेच्या असत. रशियन पासपोर्टवर राहणारे ज्यू त्यात नसत. तेव्हा १९१४ पायाभूत धरायचं, १९१८ की १९२२, यावर वाढीची टक्केवारी हवी तशी वळते.

ज्यू स्थलांतरावर सरकारचं नियंत्रण होतं ते परवान्यांनी. स्वतःचे १,००० पौंड असलेल्याला ‘अ’ वर्गात प्रवेश, विद्यार्थी, अनाथ आणि धर्मगुरू ‘ब’मध्ये, मजूर ‘क’मध्ये, आणि आधीच तिथे असलेल्यांवर अवलंबून कुटुंबीय ‘ड’मध्ये. मजुरांचा कोटा दर सहा महिन्यांनी, देशाची अर्थव्यवस्था किती माणसं सामावू शकते या हिशोबाने ठरे. हिटलर सत्तेवर आल्यावर ओघ वाढला. एकट्या १९३५मध्ये सुमारे ६२,०००. आणि ब्रिटिश सरकारच्या १९३९च्या श्वेतपत्रिकेने पुढच्या पाच वर्षांसाठी ७५,००० अशी मर्यादा घातली. युरोपातून निसटायची गरज सर्वांत मोठी असतानाच हा दरवाजा जवळजवळ लागला. ज्यू बाजूच्या इतिहासात इंग्रजांबद्दलचा जो कडवटपणा आहे, त्याचं मूळ या आकड्यात आहे. अरब बाजू म्हणते, युरोपच्या पापाची किंमत आम्ही का मोजायची? त्या वेळी अमेरिका आणि ब्रिटनने स्वतःचे दरवाजेही किलकिलेच ठेवले होते, हे दोघांच्याही भांडणात मागे पडतं.

“१९२९च्या दंगलीची सुरुवात कुणी केली?” (वाचक, कोल्हापूर)

ठिणगी २४ सप्टेंबर १९२८ची. योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या, दिवशी यरुशलेममध्ये ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीपाशी प्रार्थनेत स्त्री-पुरुषांमध्ये पडदा लावला होता, तो इंग्रज पोलिसांनी ओढून काढला. भिंतीसमोरची फरसबंदी वक्फची. तिथे नवं काही ठेवायचं नाही हा जुना रिवाज. मुसलमानांना वाटलं, आज पडदा, उद्या देऊळ. ज्यूंना वाटलं, प्रार्थनेवरच घाला. वर्षभर मोर्चे-प्रतिमोर्चे झाले आणि ऑगस्ट १९२९मध्ये भडका उडाला : १३३ ज्यू आणि ११६ अरब ठार, अरबांपैकी बहुतेक पोलिस-लष्कराच्या गोळीबारात. हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेले. शतकानुशतकं तिथे राहणारी, झिओनिझमशी, म्हणजे ज्यू राष्ट्र उभारण्याच्या चळवळीशी, फारसं देणंघेणं नसलेली वस्ती उठली. त्याच गावात बऱ्याच ज्यूंना शेजारच्या अरब कुटुंबांनी घरात लपवून वाचवलं. ‘सुरुवात’ शोधणाऱ्याला दोन्ही बाजूंना हवी ती तारीख सापडते. हेब्रॉनच्या हत्याकांडाला मात्र कुठलीच तारीख सबब होत नाही.

“कलकत्त्याचे पोलिस कमिशनर टेगार्ट पॅलेस्टाइनला गेले होते ते खरं का?” (वाचक, नागपूर)

खरं. १९३६च्या एप्रिलमध्ये अरबांचा सार्वत्रिक संप सुरू झाला, तो सहा महिने चालला आणि पुढे १९३९पर्यंत सशस्त्र उठाव. तो मोडायला सर चार्ल्स टेगार्ट यांचा सल्ला घेतला. उत्तर सरहद्दीवर काटेरी तारांचं कुंपण आणि देशभर काँक्रीटचे पोलिस किल्ले ही त्यांची शिफारस. लात्रूनचा किल्ला अजून उभा आहे. घरं पाडणं, गावावर सामुदायिक दंड, खटल्याविना स्थानबद्धता हे सगळं तेव्हा अरबांवर चाललं. मग १९४५मध्ये संरक्षण (आणीबाणी) नियम आले ते मुख्यतः इर्गुनसारख्या ज्यू सशस्त्र गटांविरुद्ध, आणि ज्यू वकिलांनी त्यांच्यावर झोड उठवली. १९४८नंतर इस्रायलने तेच नियम ठेवले आणि आपल्या अरब नागरिकांवर वापरले.

“गांधीजींचं ‘पॅलेस्टाइन अरबांचं’ हे वाक्य अस्सल आहे का? आणि सावरकरांनी इस्रायलला पाठिंबा दिला होता ना?” (दोन वाचक, वर्धा आणि रत्नागिरी)

दोन्ही हो. गांधीजींचा लेख ‘हरिजन’च्या २६ नोव्हेंबर १९३८च्या अंकात आला, सेगावहून म्हणजे आजच्या सेवाग्रामहून लिहिलेला. इंग्लंड इंग्रजांचं किंवा फ्रान्स फ्रेंचांचं, तसं पॅलेस्टाइन अरबांचं, हे वाक्य त्यात आहे. त्याच लेखात ज्यूंबद्दलची सहानुभूती आहे, जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला आहे, आणि अरबांनी अहिंसेचा मार्ग धरला असता तर बरं, असंही आहे. सत्याग्रहाच्या सल्ल्यावर मार्टिन बुबेर आणि ज्युडा मॅग्नेस या ज्यू विचारवंतांनी १९३९मध्ये जाहीर पत्रं लिहून उत्तर दिलं. गंमत म्हणजे हे दोघं स्वतः अरब-ज्यू संयुक्त राज्याचे पुरस्कर्ते होते. सावरकरांनी डिसेंबर १९४७मध्ये ज्यू राज्याचं स्वागत आणि भारताच्या विरोधी मतावर टीका केली. एकच वाक्य छापून फिरवणाऱ्यांना पुढचा परिच्छेद नको असतो.

“भारताची फाळणी आणि पॅलेस्टाइनची फाळणी एकाच वर्षी, एकाच साम्राज्याने केली. मग तिथले निर्वासित का परतले नाहीत? त्यांना अरब नेत्यांनीच रेडिओवरून बाहेर बोलावलं होतं म्हणतात.” (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

आधी एक दुरुस्ती. आपल्याकडे रेषा इंग्रजांनी आखली आणि सत्ता दोन सरकारांच्या हाती देऊन ते गेले. पॅलेस्टाइनमध्ये त्यांनी फेब्रुवारी १९४७मध्ये प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या गळ्यात टाकला आणि फाळणी अमलात आणायला मदतही केली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अकरा देशांच्या समितीत भारताचे सर अब्दुर रहमान होते. पॅलेस्टाइनमधल्या अरबांचं नेतृत्व करणाऱ्या अरब उच्च समितीने तिच्यावर बहिष्कार टाकला. बहुमताने फाळणी सुचवली; भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी संघराज्य सुचवलं. २९ नोव्हेंबर १९४७ला ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. भारत विरोधात होता, ब्रिटन तटस्थ.

आकडे बघा म्हणजे दोघांची मनःस्थिती कळेल. नियोजित ज्यू राज्याला सुमारे ५५ टक्के भूभाग, त्यात ४ लाख ९८ हजार ज्यू आणि ४ लाख ७ हजार अरब, शिवाय बदाऊन वेगळेच. ज्यू बाजूने हिशोब असा, की यातलं मोठं क्षेत्र वाळवंट आहे आणि युरोपच्या छावण्यांतली माणसं सामावून घ्यायची आहेत. अरबांचा हिशोब असा, की दोनतृतीयांश लोकांना निम्म्याहून कमी जमीन, आणि तीही न विचारता.

आता निर्वासित. ठरावानंतर पेटलेल्या आणि १९४९पर्यंत चाललेल्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी विस्थापित झाले, चारशेवर गावं ओस पडली. ज्यू तो काळ स्वातंत्र्ययुद्ध म्हणून सांगतात, पॅलेस्टिनी नकबा, म्हणजे महासंकट, म्हणून. ‘रेडिओवरून सरसकट बोलावलं’ याचा पुरावा मिळालेला नाही. तेव्हाच्या प्रक्षेपणांच्या नोंदी उपलब्ध आहेत आणि त्या पुन्हापुन्हा तपासल्या गेल्या आहेत. काही ठिकाणी बायकामुलं हलवा, असे स्थानिक आदेश निघाले, तेवढंच. १९८०च्या सुमारास इस्रायलच्या सरकारी फायली खुल्या झाल्यावर तिथल्याच इतिहासकारांनी गावोगावचा तपशील काढला, आणि चित्र गावागणिक वेगळं निघालं. हैफामध्ये एप्रिल १९४८मधल्या हल्ल्यानंतर उरलेल्या अरब नेत्यांनी शरणागतीच्या अटींऐवजी शहर सोडणं पत्करलं. ज्यू महापौर राहा म्हणत होते, पण त्याच वेळी तोफगोळे पडत होते. देर यासीनमध्ये ९ एप्रिलला इर्गुन आणि लेही या ज्यू सशस्त्र गटांनी शंभरावर गावकरी मारले, आणि त्या बातमीनेच आसपासची गावं हलली. लिद्दा आणि रमलेमध्ये जुलैत लेखी हुकमाने पन्नास हजारांच्या वर माणसं हाकलली. हुकमावर सही यित्झाक रबीन यांची, जे पुढे इस्रायलचे पंतप्रधान झाले. त्याच आठवड्यात नाझरेथमध्ये इस्रायली ब्रिगेडप्रमुखाने लोकांना हाकलायला नकार दिला आणि नाझरेथ आजही अरब शहर आहे.

दुसऱ्या बाजूचंही लिहायला हवं. १३ एप्रिलला हदासा रुग्णालयाकडे जाणाऱ्या ताफ्यातले ७८ जण, बहुतेक डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी, मारले गेले. कफार एत्झियोन ही ज्यू वसाहत १३ मे रोजी पडली तेव्हा शरण आलेल्यांनाही ठार केलं. यरुशलेमच्या जुन्या शहरातला ज्यू मोहल्ला रिकामा झाला. अरब सैन्यांच्या ताब्यात गेलेल्या भागात एकही ज्यू वस्ती उरली नाही. त्या युद्धात सुमारे ६,००० ज्यू, म्हणजे तिथल्या समाजाचा शंभरातला एक, कामी आला.

का परतले नाहीत, याचं उत्तर मात्र रेडिओत नाही, कायद्यात आहे. इस्रायलने परतीला परवानगी दिली नाही, आणि १९५०च्या अनुपस्थितांच्या मालमत्तेच्या कायद्याने घरं-जमिनी सरकारी संरक्षकाकडे गेल्या. देशातच राहिलेले, पण ठरलेल्या तारखांना आपल्या गावी नसलेले अरबही ‘अनुपस्थित’ ठरले. त्याच वर्षी कुठल्याही ज्यूला येऊन राहता येईल असा परतीचा कायदा झाला. पुढच्या काही वर्षांत इराक, येमेन, उत्तर आफ्रिकेतून आलेले, तिकडे मालमत्ता गमावलेले लाखो ज्यू, आणि कोकणातून गेलेले बेने इस्रायलही, तिथे स्थायिक झाले. भारताने इस्रायलला सप्टेंबर १९५०मध्ये मान्यता दिली. १९५३पासून मुंबईत इस्रायलचा वाणिज्य दूतावास होता, पूर्ण राजनैतिक संबंध १९९२मध्ये.

“अरबी-हिब्रू येत नाही. मूळ कागद बघायचे तर कुठून सुरुवात करू?” (संशोधक विद्यार्थिनी, मडगाव)

इंग्रजीवर बरंच काम भागतं. १९४६मध्ये अँग्लो-अमेरिकन समितीसाठी मँडेट सरकारने केलेला ‘सर्व्हे ऑफ पॅलेस्टाइन’ आधी घ्या, त्यासोबत १९४५ची ग्राम-आकडेवारी. दुसरीत गावागणिक लोकसंख्या आणि जमीन अरब, ज्यू, सार्वजनिक अशी विभागलेली आहे. हे आकडे कर आकारणीच्या नोंदींवरून आणि अंदाजावरून काढलेले आहेत, शिरगणतीचे नाहीत, हे तळटीपेत टाकायला विसरू नका. लंडनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात वसाहत खात्याच्या पॅलेस्टाइन पत्रव्यवहाराची मालिका ‘सीओ ७३३’ या क्रमांकाने मागायची.

एखादं गाव शोधायचं तर आधी त्याची अरबी आणि हिब्रू नावं, शक्य त्या सगळ्या स्पेलिंगांसह, टिपून घ्या. नुसत्या आजच्या नावाने शोधलं तर निम्मी गावं हाती लागत नाहीत. मग मँडेट काळातले एकास वीस हजार प्रमाणाचे नकाशे पाहा. पॅलेस्टाइन ओपन मॅप्स या संकेतस्थळावर ते आजच्या उपग्रह चित्रावर ठेवून बघता येतात. नकाशाच्या कडेला सर्वेक्षणाचं आणि दुरुस्तीचं अशी दोन सालं असतात. दुरुस्तीत बहुधा रस्ते आणि नव्या वसाहती चढवल्या जातात, जुन्या गावाचा आकार तसाच राहतो. वर्तमानपत्रांसाठी इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे दोन डिजिटल संग्रह आहेत : अरबी ‘जराइद’ आणि ज्यू वृत्तपत्रांचा. दुसऱ्यात इंग्रजी ‘पॅलेस्टाइन पोस्ट’ १९३२पासून मिळतो. याफाचं ‘फलस्तीन’ आणि हैफाचं ‘अल्-कर्मिल’ वाचायला अरबी जाणणारं कुणीतरी गाठावंच लागेल. तारीख आणि गावाचं नाव आधी ठरवून गेलात तर एका बैठकीत काम होतं.

इस्रायली दप्तरातल्या काही फायली एकदा खुल्या होऊन नंतर पुन्हा बंद झाल्या आहेत, आणि अरब देशांचे दप्तरखाने बहुतांशी बंदच आहेत. म्हणून एखादा कागद ऑनलाइन दिसला की त्याचा फाइल क्रमांक, पान आणि पाहिल्याची तारीख त्याच वेळी उतरवून घ्या, आणि स्वतःकडे प्रत ठेवा.